मॅक दाराला मुजरा

1672 साली आयर्लंडच्या पश्चिमेकडच्या गॉलवे शहराच्या शिबंदीतला एक कप्तान कॉनेमाराच्या किनाऱ्यानं जहाज हाकत निघाला होता. मेसन हेड हे भूशिर आणि समोरचं मॅक दाराचं बेट यांच्यामध्ये पाण्याची एक चिंचोळी वाट आहे. त्या वाटेनं जाणारी प्रत्येक होडी शिडं खाली घेऊन बेटावरच्या संताला मान देते, असा तिथला रिवाज. कप्तानानं तो मुद्दाम धुडकावला. समुद्रानं त्याला असं काही घुसळलं की, पुन्हा कधी इथून मुजरा केल्याशिवाय जाणार नाही, अशी शपथ त्यानं तिथेच घेतली. शपथ काही कामी आली नाही. घरी पोचायच्या आतच त्याचं जहाज फुटलं.

त्यानंतर थोड्याच वर्षांनी गिल नावाच्या गॉलवेच्याच एका कोळ्यानं तीच आगळीक केली. शीड उतरवलं नाही, पुढे निघाला, आणि मैलभरही गेला नसेल तोच उलट्या वाऱ्याच्या एका झोताने डोलकाठी मोडून त्याच्या अंगावर पडली. तो जागीच गेला. त्या वेळी हवा अगदी निवळ होती, हे सांगायला गोष्ट विसरत नाही.

दोन्ही हकीकती लिहून ठेवल्या त्या रॉडरिक ओफ्लाहर्टी यानं. हा गॉलवेच्या पश्चिमेकडच्या एका जुन्या सरदार घराण्यातला विद्वान. इंग्रज सेनानी क्रॉमवेलच्या स्वारीनंतर घराण्याच्या जमिनी गेल्या आणि हा माणूस पुढे हलाखीतच मेला. डब्लिनचे विल्यम मॉलिनो आयर्लंडच्या एकेका भागाची माहिती गोळा करत होते. त्यांच्यासाठी 1684 साली त्यानं पश्चिम कॉनॉटचं वर्णन लिहून दिलं. ते छापून निघायला 1846 साल उजाडलं. गॉलवेचे इतिहासकार जेम्स हार्डिमन यांनी ते भरघोस टिपांसह संपादित केलं.

ओफ्लाहर्टीच्या वाचकाला कप्तान कोण, हे वेगळं सांगावं लागलं नसणार. गॉलवे शहर दीर्घ वेढ्यानंतर 1652 मध्ये पडलं होतं आणि तेव्हापासून तिथली शिबंदी ही परक्या सत्तेची होती. तिच्यातला एक अधिकारी स्थानिक कॅथलिक संताची टिंगल करतो आणि बुडतो, यात जमीन गमावलेल्या लेखकाला थोडं समाधान वाटलं असेल, तर त्याला कोण नावं ठेवील? पण मला गिलची गोष्ट जास्त मोलाची वाटते. गिल आपल्यातला, त्याच पाण्यावर पोट असलेला. संतानं त्यालाही सोडलं नाही. नुसत्या सूडकथेला गिलची गरज नव्हती. समुद्रावरचा नियम कोणत्या धर्माचा आणि कोणत्या बाजूचा हे बघत नाही, हे त्याच्यामुळे पक्कं होतं.

हा मॅक दारा कोण? सिनाख मॅक दारा, म्हणजे दाराचा मुलगा सिनाख, सहाव्या शतकातला मानतात. एवढं सांगितलं की माहिती जवळपास संपते. पॅट्रिक, ब्रिजिड, कोलंबा या आयर्लंडच्या थोर संतांची मध्ययुगात चरित्रं लिहिली गेली, त्यांत चमत्कारांची रेलचेल आहे. मॅक दाराचं तसं काही चरित्र नाही. रोमनं त्याला कधी रीतसर संतपदही दिलं नाही, आणि यात त्याचा कमीपणा नाही. आयर्लंडचे शेकडो आद्य संत असेच आहेत. पोपनं चौकशी करून संत जाहीर करण्याची पद्धत पुष्कळ नंतरची. तिचं पहिलं ठळक उदाहरण 993 सालचं, जर्मनीतल्या आउग्सबुर्गच्या उलरिक यांचं, आणि हा अधिकार पुरता रोमकडे एकवटायला त्यानंतर आणखी दोनेक शतकं लागली. त्याआधी लोक ज्याला संत मानत, तो संत. आपल्याकडेही ज्ञानोबा-तुकोबांच्या संतपणावर कुठल्या कचेरीचा शिक्का नाही.

दुसरंही एक साम्य आहे. ख्रिस्ती पंचांगात संताचा सण बहुधा त्याच्या मृत्यूच्या तारखेला येतो, जन्माच्या नाही. देह पडला तो दिवस म्हणजे स्वर्गातला जन्म, अशी त्यामागची समजूत. अपवाद मोजके: खुद्द येशू, त्याची आई मरिया आणि बाप्तिस्मा करणारा योहान यांचे जन्मदिवसही पाळले जातात. तुकाराम बीज किंवा आळंदीचा कार्तिकातला समाधी सोहळा माहीत असलेल्या वाचकाला हे निराळं समजावून द्यायला नको. मॅक दाराचा दिवस 16 जुलै. त्याच तारखेला कॅथलिक जगात कार्मेल पर्वताच्या मरियेचाही सण असतो आणि स्पेनच्या बंदरांमध्ये खलाशांची पालक म्हणून तिची मूर्ती होडीतून मिरवतात. गॉलवेचा स्पेनशी शतकानुशतकं दारूचा आणि मालाचा व्यापार चालत होता, शहराच्या धक्क्यावर 1584 च्या सुमाराची स्पॅनिश कमान आजही उभी आहे. या दोन सणांचं एकमेकांशी नातं आहे असं मी म्हणत नाही. पण भर उन्हाळ्यातला, समुद्र त्यातल्या त्यात शांत असतानाचा हा दिवस दोन्हीकडच्या दर्यावर्दींना सोयीचा होता, एवढं मात्र खरं.

बेट कार्ना गावाच्या समोर आहे. गॉलवे शहरातून पश्चिमेला गेलं की घरं विरळ होतात, दगड वाढतात, रस्त्यावरच्या पाट्या आयरिश भाषेत बोलू लागतात. हा आयरिशभाषक मुलूख. बेटावर आता कोणी राहत नाही. गवत, ग्रॅनाइट, चरायला सोडलेली मेंढरं, संताच्या नावाची विहीर आणि एक देऊळ. देऊळच म्हणतो, कारण ‘चर्च’ म्हटलं की डोळ्यांसमोर येतं तसं काही हे नाही. बाराव्या शतकातली एका खोलीची दगडी वास्तू, तिचं छप्परही दगडाचं आणि फार उतरतं. तिच्या बाजूच्या भिंती पुढे-मागे थोड्या बाहेर आलेल्या आहेत आणि तो बाहेर आलेला पट्टा त्रिकोणी दर्शनी भिंतीच्या कडेनं थेट शिखरापर्यंत चढत जातो. दगडाला याची काही गरज नाही. गरज होती ती लाकडाला. खांब वाकवून छपराच्या टोकाशी जुळवलेल्या आधीच्या लाकडी देवळाची नक्कल गवंड्यांनी दगडात केली, असं जाणकार सांगतात. कार्ल्याच्या लेण्यात डोंगर कोरून लाकडी वास्तूचा आकार ठेवला, तीच माणसाची सवय इथे अटलांटिकच्या कडेला भेटते. छप्पर कोसळलं होतं, ते 1970 च्या दशकात सरकारी पुरातत्त्व खात्यानं पुन्हा उभारलं. 1982 मध्ये सुरू झालेल्या आयरिश टपाल तिकिटांच्या वास्तुमालिकेत हे देऊळ झळकलं आणि कार्नाचा संत देशभर पाकिटांवर चिकटला.

आत एके काळी संताची लाकडी मूर्ती होती. ओफ्लाहर्टी सांगतो की ट्यूमचे आर्चबिशप मॅलाकी ओक्विली यांनी ती तिथेच पुरायला लावली. कारण? ‘काही खास, वजनदार कारणांसाठी’ अशा अर्थाचं मोघम वाक्य टाकून तो पुढे निघून जातो. कारणांचा अंदाज बांधता येतो. मूर्तीच्या नावानं शपथा, नवस, तिच्याभोवती धर्मगुरूंच्या हाताबाहेरचं काहीतरी चाललेलं असणार. वांद्र्याच्या मोत माउलीची आख्यायिका याच्या बरोबर उलटी आहे. तिथे हरवलेली मूर्ती अठराव्या शतकात एका कोळ्याला स्वप्नात दिसली आणि मग समुद्रात सापडली, असं सांगतात. वांद्र्याला मूर्ती मिळाली आणि जत्रा वाढली, मॅक दाराच्या बेटावर मूर्ती गेली आणि जत्रेचं काही बिघडलं नाही. आर्चबिशपांनी लाकूड पुरलं, पण लोकांची श्रद्धा त्या लाकडात नव्हतीच. ती दोरखंडात होती.

दोरखंडात म्हणजे कशी, ते जवळून पाहायला हवं. या किनाऱ्याची खास होडी म्हणजे गॉलवे हूकर. हिच्या कुशी फुगीर, वर काठाकडे आत वळलेल्या, अंग डांबरानं काळं कुळकुळीत आणि शिडं विटकरी तांबडी. पूर्वी सुती शिडं कुजू नयेत म्हणून झाडाच्या सालीच्या काढ्यात भिजवत, त्याचा हा रंग. आकारावरून जाती ठरतात. सगळ्यात मोठी ती ‘बाड मोर’, पस्तीस-चाळीस फुटांची. तिच्याखालोखाल ‘ल्यावाड’, त्याहून लहान ‘ग्लोचोग’, आणि ग्लोचोगच्याच मापाची पण वेगळ्या शिडाची ‘पूकान’. हूकरचं मोठं शीड एका तिरक्या वाशाला बांधलेलं असतं. वाशाचं एक टोक डोलकाठीला धरून, दुसरं वर बाहेरच्या अंगाला. दोन्ही टोकांना वेगवेगळा दोर. बेट आडवं आलं की बाहेरच्या टोकाचा दोर सैल सोडायचा. टोक खाली झुकतं, शिडातला वारा गळतो, कापड फडफडतं, होडी मंदावते. मग दोर खेचून टोक पुन्हा वर. असं तीनदा. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा.

वाचायला हे सोपं आहे. पण आजूबाजूला खडक, पायाखाली भरती-ओहोटीचा ओढा आणि होडीत टनावारी माल असताना वारा हातचा सोडणं म्हणजे सुकाणूवरची पकड ढिली करणं. होडी चालती असली तरच सुकाणू ऐकतं, हे कोळ्याच्या पोराला कळतं. म्हणजे हा नमस्कार फुकटचा नाही. मेणबत्ती लावायला चार पैसे लागतात, इथे थोडा वेग, थोडा वेळ आणि थोडी सुरक्षितता द्यावी लागते. माझ्या मते या सणाचा सगळा अर्थ त्या तीन झुकण्यांत आहे. प्रवचन, मिरवणूक, शर्यत हे सगळं नंतर आलं किंवा येऊन-जाऊन राहिलं. बाहेरच्या समुद्रात शिरण्याआधी आपण आपल्या जोरावर चाललेलो नाही, हे माणूस हातानं कबूल करतो.

आणि बाहेरचा समुद्र तसाच आहे. बेटाच्या नैर्ऋत्येला स्केर्ड नावाचे उघडेबोडके खडक आहेत, त्यांच्यावर लाटा कायम फुटत असतात. तिथे 450 मेगावॅटचा पवनऊर्जा प्रकल्प उभारायचं ठरलं होतं, 2023 मध्ये त्याला सरकारी दराचा करारही मिळाला. 2025 च्या एप्रिलमध्ये कंपनीनं तो सोडून दिला. जागा फार अवघड, हेच कारण. कार्नाच्या दारूच्या गुत्त्यात त्या आठवड्यात कप्तानाची गोष्ट कोणाला आठवली नसेल, असं मानायला मी तयार नाही.

16 जुलैला सकाळी किनाऱ्यावरच्या धक्क्यांवर गर्दी होते. माईनिश, मेस, राऊंडस्टोन अशा आसपासच्या ठिकाणांहून मासेमारीच्या होड्या माणसं भरभरून बेटावर नेतात. म्हाताऱ्यांना हात देऊन उतरवतात, पोरं उड्या मारतात, डबे आणि घोंगड्या मागून येतात. देवळाच्या अंगाशी आयरिश भाषेत मिस्सा होते. देवळात काही जमाव मावत नाही, म्हणून सगळे उघड्यावर, गवतात उभे किंवा बसलेले. धर्मगुरूंच्या झग्याला वारा सोडत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपर्यंत, म्हणजे 1960 च्या दशकापर्यंत, कॅथलिकांची मिस्सा लॅटिनमध्ये असे. संत त्यांचा, समुद्र त्यांचा आणि प्रार्थना तेवढी परक्या भाषेत, अशी तेव्हाची स्थिती. मिस्सा आटोपली की दिवसाची दुसरी बाजू सुरू होते: हूकरांच्या शर्यती, कॅनव्हास मढवलेल्या हलक्या करक होड्यांची वल्हवण्याची चुरस, आणि संध्याकाळी गाणं. कार्ना हे आयरिश जुन्या ढंगाच्या, वाद्याविना गायल्या जाणाऱ्या गाण्याचं माहेर. या गाण्याचे सर्वांत नावाजलेले गायक जो हीनी (1919 ते 1984) याच परिसरातले.

या शर्यती फार जुन्या वाटतात, पण त्यांची आजची भरभराट ही एका मरणाच्या दारातून परतलेल्या होडीची गोष्ट आहे. हूकर ही हौसेची होडी नव्हती, तो मालट्रक होता. कॉनेमारात दलदलीचं वाळलेलं इंधन, म्हणजे टर्फ, भरपूर. समोरच्या अरान बेटांवर आणि दक्षिणेच्या चुनखडी मुलखात ते औषधालाही नाही. हूकर टर्फ भरून न्यायची आणि परतताना दुसरा माल आणायची. विसाव्या शतकात रस्ते झाले, लॉऱ्या आल्या, घरोघरी गॅस आला, आणि धंदा बसला. होड्या खाजणात कुजत पडल्या. 1970 च्या दशकात काही वेड्या माणसांनी जुने सांगाडे उचलून दुरुस्त करायला घेतले. 1979 पासून किनवारा बंदरात होड्यांचा वार्षिक मेळावा भरू लागला, त्यात टर्फ भरून येण्याची जुनी रीतही ठेवली. मात्र मेळावे नवे, मॅक दाराचा दिवस जुना. शर्यतींना मानाची तारीख हवी होती, ती संताकडे आयतीच होती.

अशा दिवसांवर राज्यकर्त्यांची आणि धर्माधिकाऱ्यांची नजर नेहमीच वाकडी राहिली. गावच्या संताच्या दिवशी विहिरीभोवती फेऱ्या घालायच्या, प्रार्थना म्हणायच्या, मग दुकानं, नाच, दारू आणि बऱ्याचदा काठ्यांनी मारामारी. आपल्या जत्रेचंच हे रूप. 1704 च्या कॅथलिकविरोधी कायद्यानं विहिरींवर जमणाऱ्यांना दहा शिलिंग दंड ठेवला, माल विकणाऱ्यांना त्याच्या दुप्पट, आणि दंड न भरणाऱ्याला उघड्यावर फटके. लोक जातच राहिले. पुढे एकोणिसाव्या शतकात कॅथलिक बिशप बळकट झाले, तेव्हा त्यांनीच दारू आणि मारामाऱ्यांपायी कित्येक जत्रा मोडीत काढल्या. प्रॉटेस्टंट कायद्याला जे जमलं नाही ते घरच्या पाद्र्यांनी केलं. मॅक दारा वाचला, आणि त्याचं एक कारण भूगोल असावं. दारूचं पिंप होडीतून बेटावर नेण्यापेक्षा धक्क्यावर ठेवणं सोपं, त्यामुळे प्रार्थना बेटावर आणि दंगा किनाऱ्यावर अशी वाटणी आपोआप होते.

गॉलवे शहराचा स्वतःचा दर्याचा सण वेगळा आहे, आणि तो जास्त शिस्तीचा. नदीच्या मुखाशी क्लाडा नावाचा जुना कोळीवाडा होता. गवती छपरांची दाट घरं, स्वतःचा निवडलेला ‘राजा’, आणि त्या राजाच्या होडीला पांढरं शीड, म्हणजे लांबून ओळखू यावी. घरं 1930 च्या दशकात पाडून सरकारी घरं बांधली गेली. पण पंधराव्या शतकापासून तिथे असलेले डॉमिनिकन साधू टिकले. ऑगस्टच्या मध्याला, मरियेच्या स्वर्गारोहणाच्या सणाच्या आसपासच्या रविवारी, ते होडीत बसून उपसागराला आशीर्वाद देतात. भोवती होड्यांचं कडं, गाणारी मंडळी, पवित्र पाणी. हा आशीर्वाद झाल्याशिवाय क्लाडाचे कोळी हेरिंगच्या हंगामाला हात घालत नसत.

नारळी पौर्णिमा आठवल्याशिवाय हे वाचून होत नाही. महिनाही जवळपास तोच. पण देण्याची दिशा पाहा. आपला कोळी समुद्राला नारळ देतो, समुद्र हाच देव, आणि त्यानं शांत व्हावं ही विनवणी. क्लाडाचा साधू समुद्राला आशीर्वाद देतो, समुद्र ही निर्मिती, तिच्यावर निर्मात्याची कृपा मागायची. मॅक दाराचा मुजरा या दोहोंच्या मधे कुठेतरी पडतो. समुद्राला काही द्यायचं नाही, त्याला आशीर्वादही द्यायचा नाही, वाटेवर बसलेल्या एका मोठ्या माणसाला ओळख द्यायची. गोव्यात 29 जूनला संत पेद्रूच्या सणाला, ऐन पावसाळ्यात होड्या बंद असताना, दोन-तीन होड्या एकत्र जखडून सांगोड करतात आणि त्यावर गाणी-तियात्र चालतं. पेद्रू स्वतः मासे धरणारा, म्हणून त्याच्याशी वागणं घरच्यासारखं. मॅक दारा मासे धरत होता की नाही, कोणाला ठाऊक नाही. तरीही कोळ्यांनी त्याला आपलं म्हटलं.

आयर्लंडनं 2023 पासून संत ब्रिजिडच्या नावानं फेब्रुवारीत सार्वजनिक सुट्टी सुरू केली, आणि ती सहसा पहिल्या सोमवारी येते, म्हणजे शनिवार-रविवार जोडून मिळावेत. क्लाडाचा आशीर्वादही रविवार धरूनच असतो. नोकरदारांच्या देशात हे स्वाभाविक आहे. कार्नामध्ये मात्र दिवस सरकवत नाहीत. 16 जुलै मंगळवारी आला तर मंगळवारी, गुरुवारी आला तर गुरुवारी. बॉस्टनला आणि लंडनला गेलेल्या मंडळींना उन्हाळ्याच्या रजेचे अर्ज त्याप्रमाणे भरावे लागतात, आणि त्या दिवशी कार्नात काही दुरुस्त करून घ्यायचं असेल तर आधीच्या आठवड्यात उरकून घेतलेलं बरं.